सोपी चाल, खोल दरी: आई आणि मुलाला घेऊन मढे घाटाला जायचं असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातून एका दिवसात जाऊन यायचंय. सोबत सहासष्ट वर्षांची आई आहे, गुडघे दुखतात पण त्या रोज सकाळी अर्धा तास चालतात. सात वर्षांचा मुलगा आहे. खोल दरी डोळे भरून बघायची आहे, मोठा चढउतार नको, चाल तासाभराच्या आत हवी, आणि दिवस 15 ऑगस्टचा धरलाय. प्लस व्हॅली, अंधारबन, सांदण आणि मढे घाट अशी चार नावं लोकांनी सुचवली, त्यातलं सगळ्यात सोपं कुठलं?

मी बरीच वर्षं पुण्यातून कुटुंबांचे आणि ज्येष्ठांचे गट घाटमाथ्यावर घेऊन जाते आहे. म्हणून उत्तर आधी देऊन टाकते: मढे घाट. मात्र 15 ऑगस्टला नको. गणपती उरकले, की सप्टेंबरच्या उत्तरार्धात जा, शक्यतो आठवड्यातल्या मधल्या वारी. आता हे असं का म्हणते ते सांगते, कारण ते कळलं की उद्या तुम्हाला दुसरी जागासुद्धा स्वतःच पारखता येईल.

"सोपं" हा शब्द आपण किलोमीटरवर मोजतो. आपल्या सह्याद्रीत हे माप चुकीच्या जागी लावलं जातं. हिमालयात दरी बघायला आधी डोंगर चढावा लागतो. आपल्याकडे गाडीच तुम्हाला घाटमाथ्यावर आणून सोडते. तिथून पुढे बहुतेक ठिकाणी माळ, भातखाचरं, थोडी झाडी अशी जवळजवळ सपाट चाल असते आणि मग अचानक जमीन संपते. खाली थेट कोकण. म्हणजे दमछाक जवळपास नाही, पण शेवटची दहा-पंधरा पावलं अतिशय गंभीर. ज्या वाटेवर दम लागतो तिथे माणूस आपोआप सावध होतो, थांबतो, आधार शोधतो. सपाट वाटेवर मात्र गप्पा मारत, फोन हातात धरून माणूस कड्यापर्यंत पोचतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत हाच खरा प्रश्न आहे, तो तासभर चालेल की नाही हा नाही. सात वर्षांचं मूल तासभर आरामात चालतं. आईंच्या बाबतीत प्रश्न थोडा वेगळा: किती चालायचं यापेक्षा उतरायचं किती आणि पायाखाली काय आहे.

म्हणून जागा निवडताना मी तीन गोष्टी बघते. वाट दरीत उतरते की माथ्यावरच राहते? कड्याजवळ ऐसपैस बसायला जागा आहे का, म्हणजे टोकाला न जाताही दरी दिसते का? आणि धुकं उतरलं तर परतीची वाट चुकेल अशी आहे का?

या चाळणीतून तुमची नावं गाळून बघू.

प्लस व्हॅली ताम्हिणीत आहे आणि वरून, रस्त्यालगतच्या जागेवरून, ती सुरेख दिसते. पण लोक ज्याला "प्लस व्हॅलीचा ट्रेक" म्हणतात तो दरीत उतरण्याचा आहे. उभा उतार, मोठे धोंडे, मध्ये पाण्याचे कुंड. दुखऱ्या गुडघ्यांसाठी याहून वाईट निवड नाही, आणि पावसाळ्यात तिथे उतरायला बंदी असते. अंधारबन सुंदर जंगल आहे, कुंडलिका नदीची दरी जवळजवळ सगळ्या वाटेवर सोबत करते, पण पिंपरीपासून भिऱ्यापर्यंत ती चाल बारा-तेरा किलोमीटरची आहे आणि त्यात उतार भरपूर. अर्ध्यातून परत फिरता येतं हे खरं, पण ओढे ओलांडावे लागतात. सांदण म्हणजे खडकातली अरुंद, खोल घळ. बघायलाच हवी अशी जागा, पण ती अकोले तालुक्यात साम्रदला, पुण्यापासून एका दिवसासाठी फार लांब. शिवाय पावसात त्या घळीत पाऊलही टाकायचं नसतं, कारण वरचं सगळं पाणी तिथूनच वाहतं. हिवाळ्यात मुक्कामाच्या तयारीने कधीतरी जा.

उरला मढे घाट. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरच्या चेलाडी फाट्याला वळायचं, वेल्हे गाठायचं, पुढे पासलीवरून केळद. सगळं मिळून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचा घाटरस्ता अरुंद आहे, त्यामुळे अडीच तास धरा. खडकवासला-पानशेत बाजूने पाबे घाट चढूनही वेल्ह्याला येता येतं. ती वाट जास्त देखणी आहे, पण वळणं जास्त, आणि आईंना गाडी लागत असेल तर नसरापूरच बरं. केळदच्या पुढे गाडी लावली की कड्यापर्यंतची चाल रमतगमत पंधरा-वीस मिनिटांची. आईंच्या गतीने अर्धा तास म्हणू. वाट माथ्यावरच राहते, किंचित उतार आहे, तोही गुडघ्यांना जाणवेल न जाणवेल इतका. पुढे लक्ष्मी धबधब्याचं पाणी जिथून खाली झेपावतं तो कडा आणि पलीकडे महाड तालुका, रायगडाच्या बाजूचा सगळा मुलूख. कडा सरळ रेषेत नाही, आतबाहेर वळत जातो, त्यामुळे टोकावर न जाता मागे बसूनही समोरची भिंत आणि दरीचा तळ दिसतो. तुमच्यासाठी ही जागा निवडली ती मुख्यतः एवढ्याचसाठी.

घाटाची वाट जुनी आहे. देशावरून कोकणात उतरायला लोक पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत आले. 1670 साली सिंहगडाच्या लढाईत तानाजी मालुसरे पडले, त्यांचं पार्थिव याच वाटेने खाली कोकणात उमरठला नेलं असं या भागात सांगतात. मुलाला हे गाडीतच सांगून ठेवा. मग कड्यावर उभं राहून ती वाट खाली कुठे जाते हे बघताना त्याला त्या जागेचा अर्थ लागतो. पण कड्यावरून खाली उतरणारी ती वाट तुमच्यासाठी नाही हे पक्कं लक्षात ठेवा. तिथे "थोडंसं खाली जाऊन बघू" हा मोह सगळ्यांना होतो. उतरताना काही वाटत नाही, वर येताना आईंचे गुडघे आणि तुमचा वेळ दोन्ही संपतात.

आता तारखेबद्दल. ऑगस्टच्या मध्यात घाटमाथ्यावर जाणारा माणूस दरी बघायला जातो आणि बहुतेक वेळा धुकं बघून येतो. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा या भिंतीला थडकतो, वर चढतो, चढता चढता थंड होतो आणि नेमका कड्याच्या उंचीवर त्याचा ढग बनतो. पुण्यात नुसतं आभाळ असतं तेव्हाही कड्यावर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. कधी वाऱ्याचा झोत येतो, पडदा दोन मिनिटं बाजूला होतो, खाली हिरवीगार भातशेती चमकते आणि पुन्हा सगळं पांढरं. हा अनुभव विलक्षण आहे, मला स्वतःला तो फार प्रिय आहे. पण त्यासाठी तास-दीड तास ओल्यात बसायची तयारी लागते, आणि सात वर्षांच्या मुलाला अशा वेळी एका जागी बसवणं कठीण. त्यात 15 ऑगस्टची सुट्टी म्हणजे अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, कड्यावर झुंबड, चिखल. गर्दीत धक्का लागणं ही कड्यावरची सगळ्यात वाईट शक्यता. तिथे तुम्ही कितीही सावध असलात तरी शेजारच्याची जबाबदारी तुमच्या हातात नसते.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात चित्र बदलतं. पाऊस उघडझाप करतो, मधूनच स्वच्छ ऊन पडतं, धबधब्यात पाणी अजून असतं, माळावर सोनकीच्या फुलांचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग पसरलेला असतो. हवा धुतलेली असल्यामुळे लांबच्या रांगाही रेखीव दिसतात. पोचायची वेळ साडेनऊ-दहा धरा. हा कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, डोळ्यांवर ऊन येत नाही आणि लांबचं स्पष्ट दिसतं. दुपारनंतर सूर्य समोर येतो, दरीत धूसरपणा भरतो. कड्याचे थर मात्र दुपारीच उजळून दिसतात, सकाळी ते सावलीत असतात. दोन्ही हवं असेल तर जेवणानंतर अर्धा तास पुन्हा फेरी मारा, पण तीनच्या सुमाराला गाडी परत फिरलेली असावी. संध्याकाळी त्या घाटरस्त्यावर धुकं उतरलं तर गाडी चालवणाऱ्याची परीक्षा होते.

ते थर मुलाला नक्की दाखवा. समोरच्या भिंतीवर काळ्या उभ्या कातळाचा पट्टा, मग झाडीची हिरवी आडवी पट्टी, पुन्हा काळा पट्टा असं दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थराचा उभा कडा उरतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो आणि त्या उतारावर माती साचून झाडं वाढतात. मुलं हे पट्टे मोजत बसतात. कड्यापासून लांब, एका जागी बसून करायचं काम त्यांना मिळतं, आणि मोठ्यांनाही शांतपणे दरी बघता येते.

याच रचनेमुळे कड्याची कड फसवी असते. वरचा थर टणक आणि खालचा ठिसूळ असेल तर खालचा आधी झिजतो आणि वरची कड पुढे आलेली राहते. त्यावर चार-सहा इंच माती, गवत. वरून बघणाऱ्याला आपण खडकावर उभे आहोत की गवताच्या मुळांनी धरलेल्या मातीवर, हे कळायचा काहीच मार्ग नसतो. पावसाळ्यात गवत कडेच्या बाहेर झुकलेलं असतं, त्यामुळे जमीन कुठे संपते हेही नीट दिसत नाही. ओल्या कातळावर शेवाळ, आणि पाऊस संपला की सुट्या मुरमाचा घसारा. दोन्हीवर पाय सारखाच निसटतो. जुलै 2024 मध्ये रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत कोसळून दगावली. घाटमाथ्यावर असे अपघात अवघड चढाईत कमी आणि अशा सहज पोचता येणाऱ्या जागी जास्त होताना मी बघते, म्हणून एवढं कळकळीने लिहिते आहे.

माझ्या गटात मी काय करते ते सांगते. कड्यापासून दोन माणसं एकापुढे एक आडवी झोपतील एवढं अंतर, म्हणजे बारा फूट, ही आमची हद्द. गट पोचायच्या आधी एक मोठा माणूस पुढे जातो, हद्दीवरचा एखादा दगड किंवा झुडूप ठरवतो आणि तिथेच दरीकडे पाठ न करता बसतो. बाकीचे सगळे त्याच्या मागे. मूल चालत असताना त्याचा हात एका ठरलेल्या माणसाने धरायचा, आणि तो माणूस नेहमी दरीच्या बाजूला. "सगळेच बघतोय" म्हणजे कोणीच बघत नाही, म्हणून नाव घेऊन ठरवा: कड्यावर मुलाकडे अमुक बघेल, फोटो तमुक काढेल, एकच माणूस दोन्ही करणार नाही. फोटोसाठी मागे मागे सरकायचं नाही. बसून फोटो काढा, दरी मागे तशीच दिसते. वारा असेल तर कड्याजवळ छत्री उघडू नका, वारा छत्रीसकट माणसाला ओढतो. रेनकोट अंगासरशी असलेला घ्या, पोंचो फडफडतो. आणि धुक्यात हद्दीच्या पुढे कोणीही जायचं नाही, अगदी माहितगार असला तरी.

ओढ्याचं वेगळं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात "मुलाला पाण्यात खेळायला मिळेल का" असंही होतं. धबधब्याच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी कड्याकडे धावतं, तिथे अजिबात नाही. पाणी घोट्याएवढं असलं तरी नाही. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही आणि ओढा काही मिनिटांत चढतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात पानं-काड्या वाहत आल्या, खळखळ बदलून घुमणारा आवाज येऊ लागला, की समजावं. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब मध्यावर अडकलं आणि पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. तेव्हापासून पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि वन विभाग धबधबे, धरणं आणि कड्यांच्या परिसरासाठी आदेश काढण्याबाबत जास्त काटेकोर झाले आहेत. निघायच्या आदल्या दिवशी ते आदेश बघा. बंदी असेल तर दिवस बदला. गावातल्या लोकांशी "एवढ्यात काय होतं" म्हणत वाद घालू नका.

आईंसाठी एक घडीचं स्टूल घ्या. जमिनीवर बसून उठणं हाच दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यात मोठा त्रास असतो, आणि स्टूल असलं की त्या हद्दीच्या मागे निवांत तासभर बसू शकतात. हातात काठी हवी, दोन असतील तर उत्तम. चालताना त्यांनी पावलं छोटी टाकायची, ओल्या कातळावर पूर्ण तळवा टेकवायचा. बुटांचा तळ रबरी आणि खाचांचा असावा. रोजच्या चालण्याचे तळ गुळगुळीत झालेले बूट नकोत. नवे बूट घेतले तर आधी आठवडाभर घालून फिरू द्या. गुडघ्याचं दुखणं किती, यावर थोडं अवलंबून आहेच: जिना उतरताना कठड्याला धरावं लागत असेल, तर मढे घाटाऐवजी ताम्हिणीत कुंडलिका व्हॅली पॉइंटला जा. तिथे दरी रस्त्यापासून अगदी जवळ आहे, चाल अशी नाहीच. खाली भिरा दिसेल, मुळशी धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते ते ठिकाण. पाऊस नसलेल्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत जायचं ठरलं, तर जुन्नरजवळचा नाणेघाट धरा. लांब पडेल, पण गाडी माथ्यापर्यंत जाते, आणि दरीबरोबर जकातीचा दगडी रांजण आणि लेण्यातला सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेखही बघायला मिळतो. एक करा: कोरड्या दिवसांत कड्यावर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. पोळं दिसलं तर तिथून शांतपणे दूर व्हा.

थोडक्यात आखणी अशी: सप्टेंबरचा उत्तरार्ध, मधला वार, पुण्यातून सकाळी साडेसहाला निघायचं, नसरापूरला नाश्ता, पेट्रोल आणि स्वच्छतागृह उरकून घ्यायचं, कारण पुढे या तिन्हींची खात्री नाही. दहाच्या आत कड्यावर, बारा फुटांची हद्द, बाराच्या सुमाराला गावात परत. जेवणाचं केळदमध्ये जाताना सांगून ठेवलं तर घरगुती पिठलं-भाकरी, ठेचा मिळतो. न सांगता गेलात तर त्या घरची धावपळ होते. मोबाइलला रेंज कड्याजवळ धड नसते. घरी कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा, आणि गरज पडली तर 112 किंवा 108 लावायला रेंज गावात कुठे येते हे जातानाच विचारून घ्या.

आणि एवढं करून नेमका त्या दिवशी पाऊस कोसळला किंवा धुकं हललंच नाही, तर अर्धा तास वाट बघून परत फिरा. येताना नसरापूरजवळ बनेश्वरला थांबा. पेशवेकालीन देऊळ आहे, कुंडांत मासे आहेत, गर्द झाडी आहे, आणि आईंना सावलीत बसता येतं. मुलाचा दिवस फुकट गेला असं होत नाही, आणि दरीसाठी पुढच्या आठवड्यातला एखादा कोरडा दिवस पुन्हा ठरवता येतो.